थांबा, आधी वाचू द्या

या सदरासाठी मागच्या अंकात एकच विषय दिला होता: वाचनानं माणूस स्वतःच्या पायावर उभा राहतो का, आणि त्यानं गावात काही फरक पडतो का? पत्रं भरपूर आली. डवरणी-निंदणीच्या दिवसांतही लोकांनी लांब लांब लिहिलं, याचा मला फार आनंद झाला. नावं गाळली आहेत, कारण गावं लहान असतात. उत्तरं देणारी मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात वाचनालय सांभाळते. शासनाच्या वर्गवारीत ते 'ड' वर्गात येतं. पुस्तकांची एक खोली, चार कपाटं, मागं अभ्यासिकेची खोली आणि समोर कडुनिंबाखालचा ओटा. पत्रांची भाषा ज्याची त्यानं लिहिली तशीच ठेवली आहे.

प्रश्न : ताई, मी ग्रामपंचायत सदस्य आहे. जागा महिला राखीव झाली म्हणून घरच्यांनी मला उभं केलं. शिक्षण बारावी. गावच्या वाचनालयातून कादंबऱ्या आणून वाचते, ते घरात चालत नाही. सासूबाई म्हणतात, बाई वाचाले लागली का तिचं घरात ध्यान राहत नाही. आमचे मालक म्हणतात, तुले कायले पाह्यजे हे, जिथं सांगतलं तिथं सही कर. आता पुस्तक ज्वारीच्या कोठीमागं ठेवते आणि सगळे झोपल्यावर वाचते. सोडून द्यावं का? (दिग्रस तालुका)

उत्तर : ताई, सोडू नका, आणि लपवूही नका. पुस्तक लपवलं की आपण काही वावगं करतो अशी कबुली आपणच देऊन बसतो. मग घरातलं प्रत्येक जण ती कबुली आपल्याविरुद्ध वापरतं.

आधी एक काम करा. वाचनालयाच्या देवघेवीच्या वहीत तुमचं पुस्तक कोणाच्या नावावर लागतं ते बघा. आमच्याकडे कित्येक बायकांची पुस्तकं सातवी-आठवीतल्या पोरांच्या नावावर असायची. वाचणार आई आणि नाव लेकाचं. विचारलं तर, "माझं कायले, त्याचंच लिवा." आता मी आग्रह धरते. अर्ज तिच्या नावाचा, सही तिची, वर्गणीची पावतीही तिच्याच नावाची. एक काकू पहिल्यांदा अर्ज भरायला बसल्या, तेव्हा मधलं नाव बापाचं लिहू का मालकाचं, असं विचारून पेन धरून कितीतरी वेळ बसून राहिल्या. मी म्हटलं, तुम्हाला वाटेल ते लिहा. त्यांनी दोन्ही सोडली. स्वतःचं नाव लिहिलं आणि त्यापुढं आडनाव. तो अर्ज मी जपून ठेवला आहे.

सासूबाईंची भीती मात्र हसण्यावारी नेऊ नका, ती खोटी नाही. वाचणारी बाई बदलते. आपल्या वऱ्हाडातच त्याचं मोठं उदाहरण आहे. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे. वडील डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत नोकरीला होते, त्यांनी मुलीला मराठी, संस्कृत, इंग्रजी शिकवलं. 1881 मध्ये सुरतेकडच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला नवजात मूल मारल्याबद्दल शिक्षा झाली. त्या निमित्तानं वर्तमानपत्रांतून सगळ्याच बायकांच्या चारित्र्यावर चिखल उडायला लागला. ताराबाई ते सगळं वाचत होत्या. वाचून त्यांनी विचारलं, की जो दोष बाईच्या माथी मारता, तो पुरुषात नाही काय? 1882 मध्ये त्यांचं 'स्त्रीपुरुषतुलना' पुण्यात छापलं गेलं, 500 प्रती. लोक खवळले. जोतीराव फुले मात्र त्यांच्या बाजूनं उभे राहिले. पुढं ते पुस्तक लोक विसरले. 1975 मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापलं, तेव्हा कुठं महाराष्ट्राला त्याची आठवण झाली.

ताराबाईंचं बळ साधंच होतं. हातात वर्तमानपत्र होतं आणि ते स्वतःला वाचता येत होतं. तीच बातमी घरातल्या कोणी वाचून सांगितली असती तर सांगणाऱ्याचं मतही तिच्यासोबत आलं असतं, आणि बहुतेक तेच खरं वाटलं असतं.

आता तुमच्या सहीचं. 2011 पासून महाराष्ट्रात पंचायतींच्या निम्म्या जागा बायकांच्या आहेत. सही तुमची म्हणजे जबाबदारीही तुमची. उद्या कामाची चौकशी लागली तर तुमच्या मालकांना कोणी विचारायला येणार नाही. मासिक सभेत ठरावाचं पुस्तक समोर आलं की एवढंच म्हणा, "थांबा, आधी वाचू द्या." आवाज चढवायची गरज नाही. मध्ये कोरी जागा सोडलेली असेल त्या पानावर सही करू नका. अक्षर लागत नसेल तर सचिवांना मोठ्यानं वाचून दाखवायला सांगा, ते त्यांचं कामच आहे. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते. ती तुमच्या गावात खरोखर भरते की फक्त कागदावर भरते, तेही त्याच पुस्तकात वाचायला मिळेल.

काही जण म्हणतील, मग बाईनं कायद्याची पुस्तकं वाचावीत, कादंबऱ्या कशाला? मला हे पटत नाही. कायद्याचं पुस्तक हक्क सांगतं. पण भरल्या घरात, सासरे समोर बसलेले असताना 'नाही' कसं म्हणायचं, म्हटल्यावर पुढचे आठ दिवस कसे जातात, कोण बोलणं टाकतं आणि कोण हळूच येऊन पाठीवर हात ठेवतं, हे कायद्यात लिहिलेलं नसतं. ते गोष्टीत असतं. दुसऱ्या बाईचं ते सगळं मनातल्या मनात भोगून झालेलं असलं की आपली वेळ येते तेव्हा पाय कमी लटपटतात. वाचनालयात येणाऱ्या बायकांमध्ये मी हे पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

आणि पुस्तक कोठीमागून काढा. रात्री जेवणं उरकली, सासूबाई वाती वळायला बसल्या, की दोन पानं मोठ्यानं वाचा. फार शहाणपणाचं पुस्तक घेऊ नका, माणसांनी भरलेली गोष्ट घ्या. दुसऱ्या दिवशी भाजी निवडताना त्यांनी "मंग त्या पोरीचं काय झालं पुढं?" असं विचारलं, तर तुमच्या बाजूनं घरात एक माणूस झालं. नाही विचारलं तरी वाचत राहा. मात्र गोष्ट हात उचलण्यापर्यंत गेली, तर तो पुस्तकाचा प्रश्न राहत नाही. 181 हा महिला हेल्पलाईनचा नंबर पाठ करून ठेवा.

प्रश्न : मी चौथी शिकलो. अक्षर लावून लावून वाचता येते, पण लोकाइसमोर वाचाले लाज वाटते. पोरगा पुण्याले कंपनीत आहे. फवारणीचं औषध कृषी केंद्रवाला देईन तेच आणतो, तो सांगते तसंच मारतो. आता चोपन्न वय झालं. ह्या वयात वाचून काय होईन? (घाटंजी तालुका)

उत्तर : दादा, पत्र तुम्ही कोणाकडून लिहवून घेतलेलं नाही, स्वतः लिहिलं आहे. अक्षर ठसठशीत आहे आणि एकही ओळ खोडलेली नाही. म्हणजे तुम्हाला नव्यानं शिकायचं काही नाही, फक्त सराव हवा आहे.

तुम्ही फवारणीचं लिहिलं म्हणून तिथूनच सुरू करते. 2017 चा हंगाम आपला यवतमाळ जिल्हा विसरणार नाही. फवारणीच्या विषबाधेनं जिल्ह्यात 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले आणि शेकडो जण दवाखान्यात पडले. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, माणसाच्या डोक्याइतकी वाढलेली, हवा दमट, दोन-तीन औषधं एकत्र कालवलेली, जोरानं फवारा मारणारे पंप आणि अंगात साधा सदरा. त्यांनी वाचलं असतं तर ते वाचले असते, असं मी म्हणणार नाही. गेलेल्या माणसावर अडाणीपणाचा ठपका ठेवणं सोपं आहे आणि ते अन्यायाचं आहे. डब्यावरची अक्षरं मुंगीएवढी असतात. विकणाऱ्यानं सांगायचं ते सांगितलेलं नसतं. मजुराच्या हातात तर डबाही येत नाही, कालवलेलं पाणीच येतं.

पण तुमच्या हातात डबा येतो. तो येतो तेव्हा आधी त्यावरचा टोकावर उभा केलेला चौकोन शोधा. त्याच्या खालच्या अर्ध्या भागाला रंग दिलेला असतो. लाल म्हणजे सगळ्यात जहाल, वरच्या अर्ध्यात कवटी आणि हाडं काढलेली असतात. त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. हिरवा म्हणजे बिनविषारी असं समजू नका, विष तेही आहे, जरा कमी. एवढं वाचायला तर अक्षरही लागत नाही.

नंतर आतलं घडीचं पत्रक. ते आपण धुऱ्यावर फेकून देतो आणि मग ते पावसात भिजून जातं. त्यात मराठीतही लिहिलेलं असतं: कोणत्या पिकाला, कोणत्या किडीला, किती पाण्यात किती, विषबाधेची लक्षणं काय आणि उतारा काय. मोबाइलनं फोटो काढून मोठं करा आणि घरी, दाराशी बसून, एकेक ओळ लावा. एका बैठकीत संपलं पाहिजे असं काही नाही. पत्रक टाकू नका. कोणाला फवारणीत मळमळलं, घाम सुटला, डोळ्यांपुढं अंधारी आली, तर माणसासोबत तो डबा आणि ते पत्रक दवाखान्यात न्यायचं. डॉक्टरला उपचार ठरवायला त्याचा उपयोग होतो. पुढच्या वेळी कृषी केंद्रात गेलात की विचारा, "भाऊ, यावर कोणता रंग हाये? पिवळा का निळा?" तुम्ही वाचून आला आहात हे समोरच्याला कळलं की त्याचं बोलणं आपोआप सावध होतं.

आता लाजेचं. तुमच्या गावात भजनी मंडळ असेल, खंजिरी असेल, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना होत असेल. 'ग्रामगीते'च्या कितीतरी ओव्या तुम्हाला ऐकून पाठ असतील. तीच पोथी घ्या. 41 अध्याय आहेत. जो सगळ्यात जास्त पाठ असेल त्यापासून सुरुवात करा. जे आधीच कानात आहे ते डोळ्यांनी वाचताना जीभ अडखळत नाही, आणि अडखळली तर पुढचा शब्द आतूनच येतो. मोठ्या माणसांना वाचतं करण्याचा याहून चांगला रस्ता मला सापडलेला नाही. लहान पोरांची चित्रांची पुस्तकं कोणी हातात दिली तर घेऊ नका. चोपन्न वर्षांच्या माणसाला चोपन्न वर्षांच्या माणसाच्या गोष्टी हव्यात, फक्त अक्षर मोठं हवं आणि वाक्य लहान.

ग्रंथपालाला तसं स्पष्ट सांगा. ग्रंथालयशास्त्राचे आपल्याकडचे गुरू रंगनाथन यांनी 1931 मध्ये पाच सूत्रं मांडली, त्यातलं दुसरं हेच आहे की प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळालं पाहिजे. शोधून देणं आमच्याकडे लागलं.

प्रश्न : मी दोन वर्षांपासून स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय, तालुक्याच्या अभ्यासिकेत सकाळी सातला जातो. नोट्स आणि गाईडशिवाय काही वाचत नाही. मित्र म्हणतात, अवांतर वाचन म्हणजे टाइमपास. घरी बाबांनी म्हैस विकून फी भरली आहे. कथा-कविता वाचायला मन होतं, पण गुन्हा केल्यासारखं वाटतं. (मंगरूळपीर तालुका, वय 24)

उत्तर : म्हैस विकून भरलेली फी आहे, तेव्हा परीक्षेच्या महिन्यात गाईडच वाच. यात दुमत नाही.

पण बाकीच्या महिन्यांबद्दल बोलू. आमच्या वाचनालयाच्या मागच्या खोलीतही अभ्यासिका आहे आणि तुझ्यासारखी मुलं तिथं बसतात. पंचायती आणि ग्रामसभेला घटनेत जागा देणारी 73 वी घटनादुरुस्ती 1992 ची, अमलात आली 24 एप्रिल 1993 ला, हे त्यांना झोपेतून उठवून विचारा, बरोबर सांगतील. त्याच मुलांना मी विचारलं, आपल्या गावच्या ग्रामसभेला कोण कोण गेलं आहे? कोणीच नाही. ग्रामसभा भरली होती ती या खोलीपासून हाकेच्या अंतरावर. घटनादुरुस्ती ज्या सभेसाठी झाली, तीच सभा त्यांनी पाहिली नव्हती. मला त्या मुलांचा राग आला नाही, वाईट वाटलं. दोष त्यांचा नाही. त्यांच्यापुढं ज्या तऱ्हेचं वाचन ठेवलं आहे त्यात प्रश्न आणि उत्तर एकाच पानावर असतं, त्यामुळे पान सोडून बाहेर बघायची गरजच पडत नाही.

दसऱ्याला दीक्षाभूमीवर गेला असशील. नसशील तर जा. 14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली, त्या दिवसाची आठवण म्हणून लाखो माणसं तिथं येतात, आणि तिथल्या पुस्तकांच्या दुकानांवर उभं राहायला जागा मिळत नाही. मी तिथं एका मजूर बाईला पिशवीतल्या भाकरी बाहेर काढून पुस्तकांना जागा करताना पाहिलं आहे. तिला कोणती परीक्षा द्यायची नव्हती. ज्या माणसानं अमेरिकेत शिकताना पोटाला चिमटा काढून पुस्तकं घेतली त्याच्या दीक्षाभूमीवर आलो आणि रिकाम्या हातानं परतलो, हे तिच्या मनाला पटण्यासारखं नव्हतं. त्या वाचनातून आपल्या भागात दोन-तीन पिढ्या उभ्या राहिल्या. त्यात नोकऱ्या लागलेलेही आहेत आणि न लागलेलेही आहेत. न लागलेल्यांचंही वाचन फुकट गेलं नाही. वस्तीतल्या कोणाचा दाखला अडला, कोणाची मजुरी बुडली, तर अर्ज लिहायला लोक त्यांच्याकडेच जातात.

उद्या तू तहसीलच्या खुर्चीत बसशील. समोर एक म्हातारी येईल, तिच्या कागदात एक कागद कमी असेल, आणि ती काय म्हणते ते तुला धड कळणार नाही. त्या वेळी गाईडमधलं काही कामी यायचं नाही. कथांमधून ज्यानं परक्या माणसांचे संसार पाहिले आहेत तो तिला दोन मिनिटं बसवून घेईल. रात्री झोपण्यापूर्वी अर्धा तास कथा वाच, गुन्हा वाटून घेऊ नकोस. आणि येत्या 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेला जाऊन शेवटपर्यंत बस.

प्रश्न : आमच्या गावात वाचणारा मी एकटाच. वाचून डोकं भरतं, पण गाव आहे तिथंच आहे. एकट्यानं वाचून समाज बदलतो, हे भाषणात ऐकायला बरं वाटतं. खरंच असं कुठं झालं आहे का? (कुरखेडा तालुका)

उत्तर : झालं आहे, आणि तुमच्याच जिल्ह्यात झालं आहे. धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) तुम्हाला ठाऊक असेल. पण बहुतेकांना 'आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्या गावाची घोषणा ठाऊक असते, त्यामागचा अभ्यास ठाऊक नसतो. म्हणून जरा विस्तारानं लिहिते.

गोंडांचं शंभरेक घरांचं गाव. तिथं निर्णय ग्रामसभेत होतो आणि सर्वांच्या सहमतीनं होतो. पण त्याशिवाय एक वेगळी बैठक असते, अभ्यास गटाची. या बैठकीत निर्णय घ्यायचा नसतो, फक्त समजून घ्यायचं असतं. जंगलाचा कायदा काय म्हणतो, मध कसा काढावा म्हणजे माशा मरणार नाहीत, सरकारी योजनेतला कागद खरा काय आहे, असे विषय. ज्याला वाचता येतं तो वाचून दाखवतो, ज्याला येत नाही तो प्रश्न विचारतो. बाहेरून आलेला जाणकार असला तर तोही खाली सगळ्यांसोबत बसतो. गावातले देवाजी तोफा आणि त्यांच्या सोबतीचे कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांनी वर्षानुवर्षं हे चालवलं.

2006 मध्ये वनहक्क कायदा झाला. 2009 मध्ये मेंढ्याला सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, देशात असा हक्क मिळवणारी जी पहिली गावं, त्यांतलं हे एक. तरी बांबू विकायची वेळ आली तेव्हा वाहतूक परवाना अडला. वन खात्याचं म्हणणं असं की 1927 च्या वन कायद्यात बांबू हा वृक्ष आहे, तेव्हा तो तुमचा नाही. गावाकडे त्याचं उत्तर होतं. 2006 च्या कायद्यात सुरुवातीलाच व्याख्या दिलेल्या आहेत आणि त्यात बांबू हे गौण वनोपज म्हणून, म्हणजे ज्यावर गावाचा हक्क चालतो त्यात, स्पष्ट लिहिलेलं आहे. व्याख्येचं कलम आपण सगळेच घाईत ओलांडून पुढं जातो. ते मेंढ्यानं सोडलं नाही. 27 एप्रिल 2011 ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. एकट्यानं वाचून गाव बदलत नाही, इथं तुमचं बरोबर आहे. मेंढ्यातही कोणा एका विद्वानानं वाचलं म्हणून झालं नाही. वाचलेलं रोजच्या रोज मांडीला मांडी लावून बसलेल्या माणसांत गेलं म्हणून झालं. तुम्ही वाचता ते डोक्यात साठवता, हीच अडचण दिसते. आठवड्यातून एक संध्याकाळ धरा. तेंदूपत्त्याचा करार असेल, धानाच्या खरेदीची पावती असेल, बचत गटाच्या बायांना मिळालेला कर्जाचा कागद असेल, असा कोणाच्या तरी कामाचा एकच कागद घ्या आणि मोठ्यानं वाचा. आमच्या ओट्यावर एकदा असाच कर्जाचा कागद वाचला. हातात रक्कम कमी का पडली हे त्या बायांना कळत नव्हतं. वाचता वाचता तिसऱ्या पानावर विम्याचा हप्ता आधीच कापल्याची ओळ निघाली. विमा कोणी मागितला होता, यावर मग तासभर बोलणं झालं. तेव्हापासून त्या गटात सही करण्यापूर्वी कागद ओट्यावर येतो.

पहिल्या संध्याकाळी दोनच माणसं आली तरी चालेल. भाषण मात्र करू नका. वाचा आणि गप्प बसा, बोलायचं ते त्यांना बोलू द्या.

प्रश्न : लेकरू सात वर्षांचं आहे, मोबाइल सोडत नाही. पुस्तकाची गोडी कशी लावू? (आर्वी तालुका)

उत्तर : रोज रात्री त्याला कुशीत घेऊन वाचून दाखवा, त्याला स्वतः वाचता येत असलं तरीही. आणि पुस्तक त्याच्या हाताला येईल अशा जागी ठेवा. कितीतरी शाळांत, वाचनालयांत बालपुस्तकांच्या कपाटाला कुलूप असतं, कारण पोरं पुस्तकं फाडतात. फाडू द्या हो. कुलपात कोरी राहिलेली पुस्तकं वाळवी खाते, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. मोबाइलवरच बसायचं असेल तर मराठी विश्वकोश तिथं फुकट आहे. त्याला हत्ती आवडतो, रेल्वे आवडते, जे आवडतं त्याची नोंद दोघं मिळून वाचा.

प्रश्न : आजोबांच्या पेटीत जुन्या हस्तलिखित पोथ्या निघाल्या. काहींची अक्षरं देवनागरीसारखी दिसतात पण वाचता येत नाहीत. घरच्यांचा विचार रद्दीत द्यायचा किंवा नदीत सोडायचा आहे. काय करावं? (चांदूर बाजार तालुका)

उत्तर : दोन्ही करू नका, हात जोडून सांगते. तुमच्या गावापासून रिद्धपूर जवळ आहे. तेराव्या शतकात महानुभाव पंथाचं मोठं लेखन तिथं झालं. 'लीळाचरित्र' तिथलं, आणि मराठीतली पहिली कवयित्री महदंबा हिचे 'धवळे'ही तिथलेच. पंथातले पंडित केशोबास यांना संस्कृतात ग्रंथ लिहायचे होते, तेव्हा पंथाचे प्रमुख नागदेवाचार्य यांनी त्यांना अडवलं, की त्यानं साधीसुधी माणसं, म्हाताऱ्या बायका वंचित राहतील. वाचणारा कोण आहे हे ओळखून भाषा ठरवणारा माणूस आपल्या भागात सातशे वर्षांपूर्वी होऊन गेला, याचा मला अभिमान आहे. पुढं याच पंथानं आपले ग्रंथ जपण्यासाठी सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्या वापरल्या. त्यामुळे ते ग्रंथ टिकले, पण बाहेरच्या मराठी माणसाला विसाव्या शतकापर्यंत ते वाचता आले नाहीत. तुमच्या पोथ्यांतली न लागणारी अक्षरं त्यातली असू शकतात.

पोथ्या उन्हात टाकू नका, सावलीत वाऱ्यावर ठेवा. चिकटलेली पानं ओढून सोडवू नका. चिकटपट्टी, प्लॅस्टिक, लॅमिनेशन काही नको. धुतलेल्या सुती कापडात सैल बांधा आणि पेटी भिंतीपासून, जमिनीपासून थोडी वर ठेवा, कारण वाळवी खालून येते. पानांचा क्रम आहे तसाच राहू द्या. प्रत्येक पोथीच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाचा फोटो काढा, कारण लिहिणाऱ्याचं नाव आणि शक बहुधा शेवटच्या पानावर असतो. ते फोटो घेऊन रिद्धपूरला नव्यानं सुरू झालेल्या मराठी भाषा विद्यापीठात जा, किंवा तिथल्या मठातल्या जाणत्या महंतांना दाखवा. मूळ पोथी पहिल्याच भेटीत कोणाच्या हवाली करू नका. द्यायचीच ठरली तर पोथीचं नाव, पानांची संख्या आणि तारीख लिहिलेली पावती घ्या, आणि ती घेण्याआधी नीट वाचा.